पाठमोरा दुभाषी

न्याजिमा चहा विकायची आणि माणसं वाचायची. पहिल्या धंद्यात नफा बेताचा होता, दुसऱ्यात बरा. लढाईतून पळून आलेल्यांच्या छावणीच्या मोठ्या फाटकाजवळ, तिच्या राखणीला परदेशातून आलेल्या निळ्या टोपीवाल्या शिपायांच्या पांढऱ्या गाड्या उभ्या राहतात तिथेच, ताडपत्रीखाली तिची शेगडी पेटलेली असे. कोण किती साखर घेतो, कोण कुणाशेजारी बसायचं टाळतो, कुणाच्या बायकोच्या पायात नव्या चपला आल्या आणि त्या आल्या तेव्हा नवरा गावात होता की नव्हता, हे सगळं तिच्या डोक्यात नीट मांडून ठेवलेलं असायचं. तिला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे विसरताही येत नव्हतं.

या डोक्यातल्या खात्यात दुओथच्या नावापुढे हल्ली काहीतरी जमत नव्हतं.

दुओथ शिपायांचा दुभाषी. उंच, हसरा, केनियातल्या निर्वासितांच्या शाळेत शिकून मोठा झालेला. आपल्या नुएर माणसांत पोरगा पुरुष झाला की त्याच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत रेघा कोरतात. याचं कपाळ कोरं. न्याजिमा त्याला छेडायची, "काय रे, तुझं कपाळ म्हणजे धुतलेली पाटी. बघितल्यावर माणूस आहेस की पोर, कळत नाही."

"मावशी, रेघा आतल्या बाजूला आहेत," तो म्हणायचा. "बाहेर इंग्रजीनं जागा अडवली."

आणि चहात साखर इतकी घ्यायचा की चमचा उभा राहावा. असं गिऱ्हाईक तोट्याचं, पण बोलायला बरं. टपरीवरच्या गप्पांत तो हमखास एक गोष्ट पुन्हा सांगायला लावायचा: न्याजिमाचा नवरा लग्न ठरल्यावर तिच्या आईला कसा घाबरायचा ती. सासू समोरून आली की जावयानं वाट सोडायची, तोंड लपवायचं, तिच्यादेखत घास गिळायचा नाही, ही आपली रीत. एकदा हा गडी नदीकाठी मासा भाजून खात बसला होता, सासू पाणी भरायला आली, आणि हा माशासकट नदीत शिरला. सासू सावकाश घडा भरत बसली. तिला तो दिसला होता, पण म्हातारीला खोड होती. तो नाकापर्यंत पाण्यात आणि मासा हातात वर.

"आता असले जावई कुठे राहिलेत," न्याजिमा शेवटी म्हणायची. "तुमच्या शाळेतली पोरं सासूच्या ताटातलं उचलून खातील आणि वर मीठ मागतील."

सगळे हसायचे. दुओथ सगळ्यात जोरात.

मग पावसाळा सरला, चिखल वाळला, आणि दुओथ चहाला यायचा बंद झाला. आधी न्याजिमाला वाटलं, आजारी असेल. पण तो तर धडधाकट दिसत होता, लांबून. जवळून दिसायचाच नाही. ती फाटकाकडून येताना दिसली की तो मधल्या गल्लीतून संडासांच्या रांगेमागे वळायचा, जिथून चांगला माणूस गरज असल्याशिवाय जात नाही. एकदा धान्यवाटपाच्या तंबूत ती शिरली, तर हा टेबलाखाली वाकला आणि ती बाहेर पडेपर्यंत काहीतरी शोधत राहिला. बाहेर उभं राहून तिनं मुद्दाम वाट पाहिली. तो वर आला तेव्हा हातात काहीच नव्हतं.

"माझ्यापासून तोंड लपवतोय," तिनं शेजारच्या मार्थाला सांगितलं. मार्था भाजलेले शेंगदाणे विकायची आणि ऐकलेलं सगळं फुकट वाटायची.

"तुझा चहाच तसा आहे," मार्था म्हणाली.

"चहा तोच आहे. माणूस बदललाय. ज्याच्या पोटात काही नाही तो कशाला तोंड लपवेल?"

इतकंच असतं तर न्याजिमानं ते डोक्यात मांडून सोडून दिलं असतं. पण त्याच दिवसांत सरपणाला गेलेल्या बायकांवर हल्ले झाले.

छावणीत ज्वारी मिळते, तेल मिळतं, पण ज्वारी आपणहून शिजत नाही. लाकूड बाहेर, रानात. आणि बाहेर फाटकापासून हाकेच्या अंतरावर सरकारी फौजेची चौकी, त्यापुढे गवतात बंदूकवाली माणसं. ती कुणाची, हे त्यांच्या कपड्यांवरून कळत नाही आणि विचारायला कोणी थांबत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा निळ्या टोपीवाले गाड्या काढतात. पुढे एक गाडी, मागे एक गाडी, मध्ये बायका आणि गाढवांच्या गाड्या. कधी नदीची बाजू, कधी जळक्या गावाची बाजू. आदल्या संध्याकाळी भोंग्यावर सांगतात, म्हणजे कुऱ्हाडी, दोर, गाढवं तयार ठेवता येतात.

भोंगा आधी फाटकावर होता. लांबच्या वस्तीतल्या बायकांना तो ऐकू जायचा नाही, त्या सकाळी येईपर्यंत गाड्या निघून गेलेल्या. तेव्हा न्याजिमाच कंबरेवर हात ठेवून जुन्या कॅप्टनसमोर उभी राहिली होती. "साहेबाला विचार, भोंगा त्याच्या बायकोसाठी लावलाय की आमच्यासाठी?" दुओथनं त्यातली बायको गाळून बाकीचं इंग्रजीत सांगितलं, आणि भोंगा टेहळणीच्या उंच मनोऱ्यावर चढला. तेव्हापासून तो वाजला की न्याजिमा गिऱ्हाइकांना ऐकवायची, "माझा भोंगा बोलतोय, जरा गप्प बसा." जुना कॅप्टन पुढे बदलून गेला. भोंगा राहिला.

पहिल्या हल्ल्यात बंदूकवाल्यांनी गाढवं आणि कुऱ्हाडी नेल्या. दुसऱ्या वेळी मार्थाच्या बहिणीचा हात मोडला. एका मुलीला गवतातून ओढत नेलं होतं, मागच्या गाडीतले शिपाई धावले म्हणून तिला टाकून ती माणसं पळाली. दोन्ही वेळा ती आधीपासून दबा धरून बसलेली होती. त्या बाजूचं गवत दडपलेलं होतं आणि विझलेल्या विड्यांचे तुकडे पडले होते. म्हणजे पहाटेपासून वाट पाहत होती.

"त्यांना कळतं कसं?" प्रत्येक चुलीपाशी हाच प्रश्न. आणि उत्तरही एकच, आवाज खाली आणून दिलेलं: "आतूनच कोणीतरी सांगतंय."

ओढली गेलेली मुलगी न्याजिमाची नव्हती. पण न्याजिमाची न्यारेक त्याच रांगेत, दोन बायका सोडून मागे होती. एकुलती एक. बाप फाटकाबाहेर गेला तो चौकीवर अडवला गेला आणि परत आला नाही. मुलगी सरपणाला गेली की न्याजिमा चहात साखरेऐवजी मीठ टाकायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "पी, तब्येतीला चांगलं असतं."

आता कुठल्या बाजूला गाड्या जाणार, हे आधी कुणाला ठाऊक असतं? कॅप्टनला. आणि कॅप्टनचं बोलणं ज्याच्या तोंडातून बाहेर येतं, त्याला. न्याजिमानं एक आणि एक मांडलं, आणि तिला दोन दिसायला लागले.

मग तिनं फोन ऐकला. पाण्याच्या टाकीमागे दुओथ कोपऱ्यात तोंड करून बोलत होता. न्याजिमा टाकीच्या या बाजूला, रिकामा डबा हातात घेऊन, नळ न उघडता उभी राहिली.

"तांबडी घेतली का? शिंगं पुढे वळलेली, तीच," तो म्हणत होता. "आणि पांढऱ्या पोटाची? हं. नदीपलीकडेच ठेव, इकडे आणू नकोस. इकडे कुणाला दिसता कामा नये. अजून दोन आल्या की मी सांगतो."

न्याजिमा पाणी न भरताच परत आली. डबा रिकामा, पण डोकं भरलेलं.

"गाई," तिनं मार्थाला सांगितलं. "त्याचे आईबाप मेले, भाऊ नाही, वाड्यात कधी एक वासरू नव्हतं. शिपाई त्याला पगार देतात तो कागदाचा, शिंगं असलेला नाही. मग नदीपलीकडे याच्या गाई कुठून उभ्या राहिल्या?"

"बंदूकवाले कुणाला गाई कधी देतात?" मार्थानं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. तिच्या बहिणीचा हात अजून गळ्यात बांधलेला होता.

"काम झाल्यावर," न्याजिमा म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मार्थाच्या शेंगदाण्यांबरोबर सगळ्या वस्तीत पोचली. वाटेत गाई वाढल्या आणि एक बंदूकही निघाली. वस्तीचे पंच चुओलबाबा न्याजिमाकडे आले. म्हातारे, कपाळावर खोल रेघा, हातात बसायचं छोटं लाकडी स्टूल, जे ते झोपतानाही उशाला घेत.

"न्यारेकच्या आई," ते म्हणाले, "हे तू बोललीस की तुझ्या चहाची वाफ बोलली?"

"मी बोलले."

"चारचौघांत बोलशील?"

"बोलेन."

"मग काय होतं ते ठाऊक आहे ना? छावणीचा नियम आहे. बाहेरच्या बंदुकीशी ज्याचं संधान, त्याला आत जागा नाही. त्याला फाटकाबाहेर काढतात. आणि हा पोरगा नुएर. बाहेर चौकी आहे, तिथून नुएर पुरुष परत येत नाही."

चौकी म्हणजे काय, हे न्याजिमाला कुणी सांगायची गरज नव्हती. पण परवा गाड्या पुन्हा निघणार होत्या, आणि न्यारेक पुन्हा रांगेत असणार होती.

घरी तिनं न्यारेकला सांगितलं. न्यारेक ज्वारी पाखडत होती, ती थांबली.

"आई, उद्या बोलू नकोस."

"का?"

"त्याच्याबद्दल तुला काय माहिती आहे?"

"जेवढी आहे तेवढी पुरे. तुला जास्त आहे का?"

न्यारेकनं सूप पुन्हा हलवायला सुरुवात केली. "काकाला फोन करून विचार."

हे अधिकच संशयास्पद. काका म्हणजे न्याजिमाचा दीर, कोआंग. भावाच्या मागे त्यानं उरलेल्या गाई सांभाळायला म्हणून सरहद्दीपलीकडे नेल्या होत्या, आणि अजून इतक्या छान सांभाळत होता की एकही परत आली नव्हती. वहिनीनं बायको म्हणून आपल्या घरात येऊन राहावं असंही त्याचं म्हणणं होतं, रीतीला धरून. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"त्याचा इथे काय संबंध?" न्याजिमा म्हणाली.

"मी कसं सांगू," न्यारेक म्हणाली, आणि त्या रात्री ती आईकडे पाठ करून झोपली.

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली पंचायत भरली. नवा कॅप्टन आला. गोल चेहऱ्याचा, शांत, अशा थंड देशाचा की तिथे म्हणे घोडीचं दूध पितात. आपल्या लोकांना ही गोष्ट पटली नव्हती, पण दूध पिणारा माणूस अगदीच वाईट नसतो, असं मानून त्याला वागवत. तो खुर्चीवर बसला आणि त्यानं इकडे तिकडे पाहिलं. तेव्हा सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं की आरोप ज्याच्यावर आहे, तोच दुभाषी आहे.

"मास्तर आहेत ना," कोणी म्हणालं.

शाळेचे सायमन मास्तर खाकरले. "माझं इंग्रजी वाचायचं आहे. साहेबाचं इंग्रजी साहेबाच्या देशातून येतं. मला ते पोचेपर्यंत अर्धं सांडतं. पण दुओथ साहेबाला काय सांगतो, ते मला कळेल. फसवत असेल तर मी हात वर करतो."

तसं ठरलं. दुओथला बोलावलं. तो आला, न्याजिमा पुढे बसलेली दिसली, आणि जागच्या जागी फिरला. कडुलिंबाला बांधलेली पावसाळ्यातली एक फाटकी ताडपत्री लोंबत होती. तो तिच्यामागे जाऊन बसला. सगळ्यांना दिसले ते फक्त त्याचे पाय.

"बघा," न्याजिमा म्हणाली. "तोंड दाखवत नाही."

ताडपत्रीमागून इंग्रजी आलं. मास्तरांनी मान हलवली. "तेच सांगितलं. 'बाई म्हणतात, मी तोंड दाखवत नाही.'"

न्याजिमा जरा अडखळली. स्वतःवरचा आरोप माणूस इतक्या स्वच्छ आवाजात वाहून नेतो, हे तिच्या कुठल्याच खात्यात बसत नव्हतं. पण ती बोलत गेली. चहा सोडला, हे सांगितलं. संडासांमागची वाट सांगितली. टेबलाखालचं शोधणं सांगितलं. फोन सांगितला, तांबडी, पांढऱ्या पोटाची. "अनाथ पोराकडे इतक्या गाई? सरळ वाटेनं इतक्या गाई येतात का? आमच्या मुलींना गवतात ओढायची किंमत आहे ती." एकेक वाक्य ताडपत्रीमागे जात होतं आणि इंग्रजी होऊन बाहेर येत होतं. मास्तरांचा हात एकदाही वर गेला नाही. उलट एका ठिकाणी ते पुटपुटले, "हे तर बाईंपेक्षा कडक सांगितलं त्यानं."

कॅप्टननं ताडपत्रीकडे पाहून काही विचारलं. दुओथनं ते आधी नुएरमध्ये सांगितलं, कारण त्याचं काम ते होतं: "साहेब मला विचारतोय, गाई कुणाच्या." मग उत्तर दिलं, "माझ्या. पगाराचे पैसे मी मावसभावाकडे देतो, तो नदीपलीकडच्या बाजारात एकेक घेतो. पावत्या त्याच्याकडे आहेत. हवा तर त्याला बोलवा."

"कशासाठी घेतोस?" चुओलबाबांनी विचारलं.

ताडपत्रीखालचे पाय एकमेकांवर चढले.

"मग इकडे ये आणि हिच्यासमोर बसून सांग."

"हिच्यासमोर बसता येत नाही, बाबा."

"कॅप्टनसमोर येतं, माझ्यासमोर येतं, हिच्याच समोर का येत नाही?"

"ते सांगणं माझं काम नाही. ज्याचं काम आहे त्यानं सांगितलंय, असं मला वाटत होतं."

"कोण तो?"

"पलीकडचे कोआंगकाका. माझा मामा पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्याकडे जाऊन आला. त्यांनी हो म्हटलं."

चुओलबाबांनी स्टुलावरचं वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला टाकलं आणि न्याजिमाकडे अशा नजरेनं पाहिलं, की तिला आपल्या मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं. ती वळली. बायकांच्या घोळक्यात न्यारेक उभी होती. मान खाली, आणि श्वास धरलेला. हा चेहरा न्याजिमानं पूर्वी एकदा पाहिला होता, नदीच्या पाण्यात, स्वतःचाच. आई सावकाश घडा भरत होती आणि पाण्यात एक मासा वर धरलेला होता तेव्हाचा.

लग्नासाठी मुलीच्या घरी द्यायच्या गाई एकेक करून जमवणारा तो. टेबलाखाली वाकलेला तो. संडासांमागून जाणारा तो. कोरं कपाळ म्हणून तिनं त्याला ही रीत माहीत असेल असं धरलंच नव्हतं. टपरीवर बसून तिनंच त्याला ती पुन्हा पुन्हा शिकवली होती, साखरेसकट.

न्याजिमानं अंगावरचं वस्त्र डोक्यावरून पुढे ओढलं आणि ताडपत्रीकडे पाठ केली.

बायकांमध्ये आधी एक खसखस झाली, मग दुसरी, आणि मार्था मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, तुझाच जावई विकायला काढला होतास."

"तू गप्प बस," वस्त्राआडून आवाज आला. "मोडलेल्या हाताची बहीण तुझी. इतक्यात हसू नकोस."

कॅप्टन गोंधळला. आरोप करणारी बाई पाठ फिरवून बसली, आरोपी पडद्याआड, बाकी सगळे हसताहेत. त्यानं विचारलं. ताडपत्रीखालचे पाय आणखी आत ओढले गेले. शेवटी चुओलबाबा म्हणाले, "त्याला सांग, लग्नाची भानगड आहे. तक्रार मिटली."

कॅप्टननं उत्तर ऐकलं आणि मान हलवली. मास्तरांनी अर्धं अर्धं जुळवून सांगितलं, "साहेब म्हणतो, लग्न चांगलं आहे. पण गवतात बसलेल्यांना बाजू कुणी सांगितली, ते लग्नानं कळत नाही."

यावर हसणं थांबलं. साहेब बरोबर होता, आणि घोडीचं दूध पिऊनही त्याचं डोकं चालत होतं. पुन्हा सगळ्यांचे डोळे ताडपत्रीखालच्या पायांकडे गेले. न्याजिमानं पाठ फिरवली होती, पण कान नव्हे. जावई असला म्हणून काय झालं? जावयानंही गाई हव्यात म्हणून काही केलं नसेल कशावरून?

"बाबा," दुओथ आतून म्हणाला, "मी कुणाच्या कानात काय सांगू? आदल्या संध्याकाळी मीच मनोऱ्यावर चढतो आणि भोंग्यातून सांगतो: उद्या जळक्या गावाच्या बाजूला. तीन भाषांत सांगतो. वारा पडलेला असला की तो आवाज चौकीच्याही पुढे जातो. विकायला आधी गुपित तरी पाहिजे ना."

कडुलिंबाखाली सगळ्यांच्या माना मनोऱ्याकडे वळल्या. सगळी वस्ती महिनाभर कुजबुज शोधत होती. ओरडण्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"पहिल्या हल्ल्यानंतर जुन्या साहेबाला बोललो होतो," दुओथ म्हणाला. "साहेब म्हणाला, भोंगा बंद केला तर बायका राहून जातात. तेव्हा त्याचंही खरं होतं. दुसऱ्या वेळी मी या नव्या साहेबाला पुन्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. माझी चूक तेवढी."

मग त्यानं हेच सगळं, ती चूकसुद्धा, इंग्रजीत सांगितलं. कॅप्टन ताठ बसला. त्यानं मनोऱ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं, पुरतं कळेल असं, हळू. मास्तरांनाही ते समजलं. ते न्याजिमाकडे पाहायला लागले.

साहेबानं विचारलं होतं: हा भोंगा मनोऱ्यावर चढवायला कुणी सांगितलं?

न्याजिमाला इंग्रजी येत नव्हतं. पण बोट मनोऱ्याकडे आणि मास्तर आपल्याकडे, एवढं पुरलं. मार्थाची बहीण हात गळ्यात बांधून समोरच बसली होती. ओढली गेलेली मुलगी होती, तिची आई होती. इतके दिवस 'माझा भोंगा, माझा भोंगा' म्हणून तिनंच सगळ्यांना ऐकवलेलं. आता ताडपत्रीमागून एक नाव यायचं होतं.

दुओथनं हा प्रश्न नुएरमध्ये सांगितलाच नाही. सबंध पंचायतीत त्यानं गाळलेलं तेवढंच एक वाक्य. त्यानं सरळ इंग्रजीत दोन शब्दांत उत्तर दिलं.

मास्तरांचा हात गुडघ्यावरून जरासा उचलला गेला. मग त्यांनी तो डोक्याकडे नेला आणि डोकं खाजवलं.

"काय म्हणाला?" चुओलबाबांनी विचारलं.

"म्हणाला, सगळ्या बायकांनी," मास्तर म्हणाले.

न्याजिमानं वस्त्र अजून पुढे ओढलं. तिच्या डोक्यातल्या खात्यात एक मोठी नोंद झाली, आणि ती कुणाच्या बाजूला झाली हे तिला आवडलं नाही.

परवाचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी भोंगा वाजला नाही. वस्तीवस्तीतून एकेक बाई निरोप घेऊन गेली, की पहाटे फाटकापाशी या, बाजू गाड्या निघाल्यावर कळेल. बायका आल्या. गाड्या नदीच्या बाजूला म्हणून सुटल्या आणि चौकी ओलांडल्यावर जळक्या गावाकडे वळल्या. दुओथ पुढच्या गाडीत होता. न्यारेक रांगेत होती.

न्याजिमानं शेगडी पेटवली आणि गिऱ्हाइकांना काय दिलं ते तिलाच ठाऊक. सगळ्यांनी ते पिऊन पैसे दिले. ऊन चढलं. तिनं पाच जणांवर नव्यानं संशय घेतला. निरोप नेणाऱ्या बायकांपैकी एकीच्या पायात नव्या चपला होत्या. मग मनोऱ्यावरच्या शिपायानं हात केला, आणि लांब धुळीत पांढरं काहीतरी दिसलं.

पुढची गाडी. मग गाढवं, मग डोक्यावर मोळ्या. न्याजिमा फाटकापर्यंत गेली, चेहरे बघत. मार्थाची भाची आली. चुओलबाबांची सून आली. मग सगळ्यात मोठी, वेडीवाकडी बांधलेली मोळी आली, आणि तिच्याखाली न्यारेक होती.

पुढची गाडी न्याजिमाच्या अगदी जवळ येऊन थांबली. दुओथनं तिला पाहिलं, पटकन उतरून गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेला, आणि चाकाकडे तोंड करून उभा राहिला. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

न्याजिमाही वळली. आता दोघांच्या पाठी एकमेकांकडे आणि मध्ये एक गाडी. तिला कॅप्टनला बऱ्याच गोष्टी सांगायच्या होत्या. चपलांचं सांगायचं होतं, पाण्याच्या रांगेचं सांगायचं होतं. आणि आता तिला उमगलं, की या छावणीत साहेबापर्यंत जाणारं एकच तोंड आहे आणि त्या तोंडाशी तिला यापुढे बोलता येणार नाही. भांडता तर मुळीच येणार नाही.

ती फाटकाच्या खांबाकडे वळली.

"खांबा," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "इथे कोणी उभा असेल तर त्याला सांग. कोआंगचं हो म्हणजे माझं हो नव्हे. त्याला गाई मोजता येतात, परत करता येत नाहीत. माझं हो मी वेगळं देईन."

गाडीपलीकडे दुओथ चाकाशी आणखी वाकला.

"आणि खांबा, काल पंचायतीत मी म्हटलं, इतक्या गाई एका पोराकडे कशा. ते रागात बोलले. माझ्या मुलीच्या मानानं त्या कमीच आहेत. तांबडीची शिंगं पुढे वळलेली आहेत ना, तशा गाई मारकुट्या निघतात. तिच्या जागी दुसरी बघावी."

न्यारेकनं मोळी खाली टाकली आणि तोंडावर हात धरला. मार्थानं हात धरला नाही.

न्याजिमा टपरीवर परत गेली. तिनं एक पेला चहा गाळला, त्यात साखर घातली, अजून घातली, चमचा उभा राहीपर्यंत. तो न्यारेकच्या हातात दिला.

"गाडीच्या बोनेटवर ठेवून ये. आणि मी आत जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, म्हणावं." मग ती थांबली आणि डोळे बारीक करून मुलीकडे पाहिलं. "आणि तू लवकर ये. किती दिवस चाललंय हे, ते तू मला नीट सांगणार आहेस."